बापाच्या जागी जॉन

तुर्भ्याच्या स्टुडिओत हेडफोन लावून बसले होते आणि डोकं सणकलं माझं. समोर स्क्रीनवर माझ्याच धड्याची नवी स्क्रिप्ट, नि तिच्यात माझा बाप कुठेच नाही. त्याच्या जागी कुणीतरी जॉन.

नीट सांगते. मी भाग्यश्री. इंग्रजी शिकवणाऱ्या एका ॲपवर धडे मीच लिहिते आणि मीच बोलते. विषय फ्रेजल व्हर्ब्ज. साधं ‘गिव्ह’ सगळ्यांना येतं हो, पण त्याला ‘अप’ चिकटलं की भल्याभल्यांची फेफे उडते. एकाच ‘गिव्ह अप’चे चार अर्थ. याद्या घोकून काही होत नाही, आज पाठ, उद्या सपाट. माणूस मात्र लक्षात राहतो. म्हणून मी माणूसच दिला, माझा बाप, दादू.

शहर उभं राहणार म्हणून दादूने भाताचं शेत सोडलं, ते गिव्ह अप. खाडीत मासळीपेक्षा प्लास्टिकच जास्त लागायला लागलं तेव्हा जाळं टाकणं सोडलं, तेही गिव्ह अप. बसमध्ये म्हातारीला जागा दिली, तिथेही तेच. आणि मी बारावीला इंग्रजीतच गचकले, अख्खी भावकी म्हणाली लग्न लावून टाका हिचं, तेव्हा एकट्या दादूने आशा सोडली नाही. सगळे अर्थ एका माणसाने जगून दाखवलेले. पोरं कमेंटमध्ये विचारायची, दादू कसे आहेत.

आमचे साहेब, प्रसादसर, त्यांचं म्हणणं असं की ॲप आता देशभर जाणार, ‘दादू’ जरा गावठी वाटतं. जॉन कसा, कुणालाही चालतो. तर या जॉनने सिगरेट सोडली, गोड सोडलं, जिम सोडली. अर्थ तेच आहेत ना, सर म्हणाले, उगाच इमोशनल होऊ नकोस. मी म्हटलं, मग केबिनवरची तुमची पाटी काढा आणि तिथे जॉन लिहा. ते नुसते हसले. उद्या रेकॉर्डिंग कर, नाहीतर दुसरी मुलगी बोलेल, एवढं सांगून फोनला लागले. त्या हसण्याने जास्त चीड आली. आमच्या शेतांवर बांधलेल्या फ्लॅटांत राहायचं आणि आमची नावं घ्यायला जीभ जड होते काय यांची?

जुईनगर स्टेशनपलीकडच्या आमच्या गावात पोचले तेव्हा दादू ओट्यावर कोलंबी सोलत बसला होता. मी सगळं भडाभडा सांगितलं. वाटलं, चिडेल. त्याने मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ दे ना बाय. नाव काय खायाचा हाय? नोकरी नको सोडू.”

आता मात्र माझा ताबा सुटला. शेत दिलंस, खाडी दिलीस, आता नावपण देऊन टाकतोस, असं मी त्याच्या अंगावर ओरडले. आई आतून धावत आली. शेजारची दोन माणसं थांबून बघायला लागली. मला लाज नाही वाटली. दादूने कोलंबी सोलता सोलताच विचारलं की त्या जॉनने काय काय सोडलं.

सिगरेट, मी म्हटलं. गोड. जिम.

“आनि शेत?”

“नाही.”

“खाडी?”

“त्याची नव्हतीच रे बाबा.”

दादूने हातातली कोलंबी टोपलीत टाकली. हात लुंगीला पुसले. इतक्या वर्षांत कुणावर आवाज न चढवलेला माझा बाप, त्याचा चेहरा लालभडक झाला होता.

“आमी शेत सोडला, खाडी सोडली, नि तो सिगरेट सोडून माझे जागेवर बसतं?” तो उठून उभाच राहिला. “जा, सांग तुझे सायबाला. दादू नाय, तं दादूची पोरपन नाय.”