किती नंबरी सूत

"समोर भिंतीकडं बघा. हलू नका," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी बारीक उजेड आकारामच्या डोळ्यात सोडला.

आकाराम कबनूरहून शाहूपुरीतल्या या दवाखान्यात आला होता. एकवीस वर्षं तो यंत्रमागावर कापड विणत होता. अलीकडे दिवस मावळला की त्याला दिसत नसे. दिवसाही समोरचं तेवढं दिसे. बाजूचं माणूस धडकल्यावरच कळे. वाट दाखवायला अकरा वर्षांची विमल, त्याची पोरगी, सोबत होती.

डोळ्याच्या पडद्यावरच्या शिरा सुतासारख्या झाल्यात, याला औषध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आकारामनं मान डोलावली. त्याचा आजाही शेवटी भिंत चाचपत परसात जायचा.

मग डॉक्टरांनी विचारलं, बायको नात्यातली का?

"सख्ख्या भैनीची पोरगी. आमच्यात तशीच करत्यात की."

डॉक्टरांनी विमललाही स्टुलावर बसवलं. आकारामला हसू आलं. ही लांबनं यस्टीची पाटी वाचती, म्हणाला.

थेंब घालून अर्धा तास गेला. डॉक्टरांनी तिचा एक डोळा पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला. मग तिला बाहेर पाठवलं.

"तिच्याही शिरा बारीक व्हायला लागल्यात. तिला अजून कळत नाही. पुढं कळेल."

आकारामनं आपल्याला समजेल तेच विचारलं.

"किती नंबरी, सायेब? साठ का ऐंशी?"

नंबर जितका मोठा, तितकं सूत बारीक. कबनुरात हे पोरासोरांना ठाऊक. डॉक्टरांना नव्हतं. बारीक, एवढंच ते पुन्हा म्हणाले.

लग्नाला तेरा वर्षं झाली तरी चिमणाबाई घाईगडबडीत नवऱ्याला जुन्याच नात्यानं हाक मारायची. दारातच तिनं विचारलं, "काय म्हनला डाक्तर, मामा?"

एरवी तो या हाकेवर हसायचा. आज उंबऱ्यावरच थांबला.

"माझं गेल्यालंच हाय," म्हणाला. पोरीचं नाव काढलं नाही.

सकाळी त्यानं माग बंद केला, ताण्यातला एक उभा धागा तोडला आणि विमलला बोलावलं.

"डोळं मीट. तुटल्यालं सूत हुडीक."

"बघून लगीच गावंल की, आबा."

"बोटानं हुडीक."

खेळ समजून ती हसली. तिची बोटं ताण्यावरून हळूहळू सरकू लागली. ती डोळे किलकिले करते का, हे बघायला आकारामला मान पुरी वळवावी लागली.

तिनं ते घट्ट मिटले होते.