तू दिनेश का?

खापर गावच्या बाजारात त्या दिवशी मिरची-कांद्यापेक्षा जास्त गर्दी मोहाच्या झाडाखाली होती. तिथं घुंगरूबाबा बसला होता. समोर परात. परातीत हळदीची रेघ आणि तिला आडवी कोळशाची रेघ. होळीला अंग रंगवून, बुध्या बनून नाचताना पोरं कंबरेला घुंगरं बांधतात ना, त्यातलं मेलेल्या पोराचं एक घुंगरू दोऱ्याला लावायचं आणि घरच्याच माणसाने परातीवर धरून मेलेल्याला प्रश्न विचारायचा. हळदीच्या रेघेवर झुललं तर हो, कोळशाच्या रेघेवर झुललं तर नाही. बाबा हातसुद्धा लावत नव्हता. तोच तर चमत्कार.

दोरा धरून फुलीबाई बसली होती. तिचा मुलगा दिनेश ऊसतोडीला गुजरातेत गेला आणि तिथल्या दवाखान्यात मेला. आता घरात त्याची धाकटी बहीण रविना सिकलसेलच्या दुखण्याने तळमळत पडली होती.

"दिनू, रविनाला दवाखान्यात नेऊ का?"

घुंगरू झुललं. कोळशावर.

"आयक मावशी, पोऱ्या सांगी ऱ्हायना," बाबा म्हणाला. "तो दवाखानाम्हा गया, बहीणले जाऊ देस नही. मन्ही राख लाव तिले."

फुलीबाईचा धाकटा भाऊ नवलसिंग मास्तर मागे उभा होता. भाच्याला बाराखडी त्यानेच शिकवली होती. घुंगरू हललं तसं त्यालाही वाटलं, पोरगा इथंच आहे. मग रविनाचे पिवळे पडलेले डोळे आठवले आणि तो पुढे सरकला.

"बाबा, मला तपासू द्या."

"मास्तर, तुम्हनं शास्त्र आत्मा मानस नही. मंग त्यानी परीक्षा कशी लेशात?"

गर्दी हसली. "बोला मास्तर, पुस्तकात उत्तर नाही का?"

"मानतो की," नवलसिंग म्हणाला. "माझा भाचा इथं आहे, घुंगरू तोच हलवतो, असंच धरू. मग आईचे डोळे बांधले तर त्याचं काही अडेल का?"

"आत्माले डोया कसाले लागतस? भितमांगलं बी दिखस त्याले."

"आणि चुकला तर काय समजायचं? ते आत्ताच सांगा, मागून नको."

"तो चुकसच नही. चुकना तर मी आठून ऊठी जासू."

नवलसिंगने फुलीबाईच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. लोकांना गप्प राहायची खूण केली आणि परात अलगद उचलून पाव फेरी वळवली. हळदीच्या जागी कोळसा आला, कोळशाच्या जागी हळद.

"बाई, विचार त्याला. तू दिनेश का?"

फुलीबाईने विचारलं. घुंगरू झुललं, मघाशी हळद होती त्याच दिशेने. तिथं आता कोळसा होता, म्हणजे उत्तर 'नाही'.

पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

"आत्मा रुसना," बाबा पुटपुटला. "अविश्वासी माणूस मधमा उभा शे."

"भिंतीमागचं दिसतं त्याला. मी काय भिंतीपेक्षा जाड आहे?"

कोणी हसलं नाही. फुलीबाईने रुमाल काढला, परातीकडे बघत राहिली.

"म्हणजे मीच हलवत होते?"

"मुद्दाम नाही, बाई. बोट जरासं थरथरलं तरी लांब दोऱ्याच्या टोकाला मोठा झोका होतो. मनात असतं तिकडे हात आपोआप जातो. दवाखान्याला दिनेश नाही म्हणत नव्हता. तुझी भीती म्हणत होती."

"मग तो एकदाही बोलला नाही?"

"आत्मा असतो की नसतो, मला माहीत नाही. पण इथं कोणी बोललं नाही."

"तेवढंच होतं रे माझ्याकडे," ती हळू म्हणाली.

नवलसिंगने दोऱ्याचं घुंगरू सोडून तिच्या हातात ठेवलं. बाबा परात आवरून कधी निघून गेला, कोणी बघितलंही नाही.

आत्मा नाहीच असं आधी कबूल करा, असं विज्ञान कोणाला म्हणत नाही. तुमचं काहीही असू दे, आत्मा म्हणा, देव म्हणा, ते एवढंच विचारतं की हे खोटं असेल तर कळणार कसं? ज्याला ते सांगता येत नाही, किंवा सांगून मग शब्द फिरवतो, त्याच्या हाती आपलं आजारी लेकरू देऊ नका.

दुपारी जीप अक्कलकुव्याच्या दवाखान्याकडे निघाली. रविनाचं डोकं फुलीबाईच्या मांडीवर होतं. फुलीबाईला भीती होतीच. रस्ताभर ती रविनाशी बोलत राहिली. दिनेशला तिने काही विचारलं नाही.