हनुवटीखालचा हात

"अक्का, नीट धर की गं! निऱ्या सुटायल्यात."

विरुपाक्ष दोन्ही हात वर करून उभा होता आणि शिवगंगा त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसून त्याला लुगडं नेसवत होती. लुगडं तिचंच होतं, जांभळं इरकल. गुलबर्ग्याहून पत्र पाठवून त्याने ते मुद्दाम मागवलं होतं. 'अप्पांच्या दिवशी नेसली होतीस तेच आण. दुसरं नको.' भावाला बहिणीची आठवण म्हणून हवं असेल, असं समजून तिने ते धुऊन, घडी घालून आणलं, आणि इथे, धाराशिवच्या एका शाळेच्या मागच्या खोलीत, आता ती त्याच्या कमरेला ओचा खोवत होती. त्याने मिशी भादरली होती. वरच्या ओठावर हिरवट पट्टा उमटला होता. चोळीत चिंध्यांचे दोन बोळे कोंबलेले. खोबरेल, घाम आणि तोंडाला फासायच्या सफेद्याचा वास एकमेकांत मिसळून तिच्या नाकाशी येत होता. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुमचा भाऊ लई देखणा दिसायला, अक्का," कोपऱ्यातून गुंडाप्पा म्हणाला. तो विरुपाक्षाचा वर्गमित्र. कापसाच्या पांढऱ्या मिशा चिकटवून, कागदात बांधून आणलेली भजी तो मिशा न भिजवता खात होता. "स्थळ बघा आता एखादं."

"तू मेलायस आज. गप बस," विरुपाक्ष म्हणाला.

"मेलेल्याला भूक लागत न्हाय, असं कुठं लिहिलंय?"

दोघे हसले. कोण मेलंय, हे शिवगंगाने विचारलं नाही. नाटकात कुणीतरी मरतंच.

गुलबर्ग्याच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाला 'ड्रामा' हा जास्तीचा विषय घेता येई. विरुपाक्षाने तो घेतला तेव्हा अप्पांनी, म्हणजे दोघांच्या वडिलांनी, महांतप्पांनी, फक्त चष्मा वर केला होता. महांतप्पा तीस वर्षं तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. उर्दू कागदांच्या नकला उतरवणं हे त्यांचं काम. घरी आले की वाचनालयातून आणलेलं पुस्तक शिवगंगाच्या हाती द्यायचे, वर्तमानपत्र उघडायचे आणि दोन ओळींत पेंगायचे. त्यांची मान छातीवर पडायची. मग शिवगंगा हनुवटीखाली तळवा धरून ती हलकेच वर करायची आणि म्हणायची, "अप्पा, निजा की आत जाऊन." ते म्हणायचे, "झोपलो न्हाय. वाचायलोय." पंचविसाव्या वर्षी विधवा होऊन ती माहेरी, तेरला परतली, त्याला नऊ वर्षं झाली होती. त्या नऊ वर्षांत हे इतक्यांदा झालं होतं की दोघांपैकी कुणालाच ते कळत नसे.

"इथं बस. मी रंग लावून येतो," म्हणून विरुपाक्ष गेला. त्याची वही बाकावर पडली होती. प्रोफेसर साहेबांचा पहिलाच धडा होता मुशाहिदा, म्हणजे माणसांना निरखणं. जे दिसेल ते वहीत उतरवायचं, त्यातला एक नग निवडायचा आणि वर्षाच्या शेवटी अनोळखी लोकांपुढे आपल्या भाषेत करून दाखवायचा. तीच परीक्षा. या वर्षी पाळी धाराशिवची. हे सगळं विरुपाक्षाने तिला पत्रातून मोठ्या उत्साहाने कळवलं होतं. वही उर्दूत होती, पण अप्पांनी तिला उर्दू शिकवलं होतं, म्हणून ती चाळू लागली. मोटारीचा क्लीनर. आंधळा गजरेवाला. चौदाव्या पानावर ती थांबली.

'मुशाहिदा चौदा. बाप की मय्यत, बेटी. दायाँ हाथ ठोड़ी के नीचे. आँखें ख़ुश्क. मुँह ज़रा खुला. कहती है, झोप आली का, अप्पा. सात मिनट.'

तिने ते दोनदा वाचलं: बापाचं मयत, मुलगी, हनुवटीखाली उजवा हात, कोरडे डोळे, सात मिनिटं.

त्यांच्या लिंगायतांत मृताला निजवत नाहीत. आंघोळ घालून, भस्म लावून, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन बसवतात आणि तसंच बसलेलं पुरतात. तीन महिन्यांपूर्वी अप्पांना ओसरीवर भिंतीशी बसवलं, तेव्हा मान बांधायचा पंचा सापडेना. पुरुष माणसं शोधायला पांगली. मान पुढे पडली, आणि शिवगंगाने नेहमीप्रमाणे हनुवटीखाली तळवा धरला. पंचा येईपर्यंत. त्या वेळी समोर विरुपाक्ष उभा होता. त्याने अप्पांचं घड्याळ हातात घेतलं होतं आणि तो त्याच्याकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होता. वडिलांची आठवण म्हणून पोराने घड्याळ धरलंय, असं वाटून त्या क्षणी तिला त्याची फार माया आली होती. आपण एकटे नाही, असं वाटलं होतं.

तो मिनिटं मोजत होता.

तिला उठून जाता आलं असतं. पण लुगडं त्याच्या अंगावर होतं, आणि नगाऱ्यावर काठी पडली होती. पोलिसांनी इजाजत दिली होती ती उजेड असेपर्यंतचीच, म्हणून दुपारी तीनलाच खेळ सुरू झाला. ती बायकांच्या चटईवर जाऊन बसली. पुढे खुर्च्यांवर अंमलदार, वकील, व्यापारी. पान खाऊन लोक तिथल्या तिथे भिंतीच्या कडेला पिंका टाकत होते.

पडदा सरला. गुंडाप्पा भिंतीशी मांडी घालून बसलेला, कपाळभर राख फासलेली. विरुपाक्ष बायकी चालीने आला. चाल तिची नव्हती, कुठल्याशा नाटक कंपनीतल्या नटाची होती. पण मग तो बसला, गुंडाप्पाची मान पुढे पडली, आणि त्याने हात हनुवटीखाली धरला.

तो हात शिवगंगाचा होता. अंगठा बाहेर काढलेला, मिशीला लागू नये म्हणून. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"झोप आली का, अप्पा?" विरुपाक्ष म्हणाला.

शेजारची एक म्हातारी डोळ्याला पदर लावत पुटपुटली, "लेक हाय बग, लेक." आणि शिवगंगाला वहीवरचा राग क्षणभर उतरल्यासारखा वाटला. पोराने पाहिलं होतं. मोजलं असेल, पण पाहिलंही होतं.

तेवढ्यात गुंडाप्पाला गुदगुल्या झाल्या की भज्याचा ठसका लागला कोण जाणे. त्याचं डोकं हातातून निसटून धाडकन खाली पडलं. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

विरुपाक्षाने ते हसणं ऐकलं. तिला लांबून दिसलं, त्याचे डोळे क्षणभर खुर्च्यांकडे गेले. त्याने पुन्हा हनुवटी उचलली. "झोप आली का, अप्पा?" आणि हात काढून घेतला. डोकं पडलं. हशा. त्याने आणखी एकदा उचलली, या वेळी दोन बोटांनी, बाजारात वांगं उचलून बघावं तशी. वकील मांडीवर थाप मारून हसले. चौथ्यांदा त्याने नुसती भुवई उडवली आणि गुंडाप्पाने मेल्या मेल्या आपणच मान वर केली. आता तर चटईवरच्या बायकाही हसत होत्या. डोळ्याला पदर लावलेली म्हातारीसुद्धा.

शिवगंगा उठली, बाहेर गेली आणि लिंबाच्या बुंध्याशी ओकली.

विरुपाक्ष तिला शोधत आला तेव्हा लुगडं त्याच्या अंगावरच होतं. पदराने तो तोंडाचा रंग पुसत होता.

"अक्का! पहिला नंबर म्हणाले! साहेब म्हणाले, हसवून रडवणारे फार थोडे असतात." तो थबकला. "काय झालं? ऊन लागलं का?"

"ते सोड अंगावरचं."

"वही वाचलीस का? अगं, तुला सांगितलं असतं तर तू आलीच नसतीस. आणि चोरी न्हाय गं ती. मला त्या दिवशी रडायला येत नव्हतं. काहीच होत नव्हतं आत. मग म्हटलं, निदान बघावं."

"बघितल्याचं मी काही म्हणत न्हाय, विरू." तिचा आवाज चढला नाही. "मी किती वेळा धरला होता हात?"

त्याने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"वहीत लिहिलंयस की. किती वेळा?"

"एकदा."

"मग?"

"लोक हसले, अक्का." तो खरंच गोंधळला होता, लहानपणी पाटी फोडून आल्यावर दिसायचा तसा. "हसले, अन् मला... थांबायलाच आलं न्हाय."

तिने हात पुढे केला. त्याने तिथेच, झाडाआड, लुगडं फेडून तिच्या हातात दिलं. पदरावर सफेद्याचे आणि लाल रंगाचे फरकाटे होते. तिने घडी घातली नाही. बोळा करून पिशवीत कोंबलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच गावातल्या गोरोबाच्या बैलगाडीतून दोघे तेरला निघाले. गोरोबाला खेळाची खबर लागली होती. "मालक, मेल्यालं मानूस तुमी लई हसवलं म्हनं!" तो बैलांची शेपटी पिळत म्हणाला. शिवगंगा डोळे मिटून अप्पांचा चेहरा आठवू बघत होती. चष्मा येई, टोपी येई, पण नाकाखाली पोचलं की तिथे कापसाची मिशी आणि तेलकट भजी. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तेच.

ऊन चढलं. गाडीच्या हिसक्यांनी विरुपाक्ष बसल्या बसल्या पेंगू लागला. कानामागे सफेदा राहिला होता. अगदी अप्पांसारखी त्याची मान हळूहळू पुढे येत गेली आणि हनुवटी छातीला टेकली. चाक दगडावरून गेलं, तसा तो दचकून पुटपुटला, "झोपलो न्हाय," आणि मान पुन्हा पडली.

शिवगंगाचा उजवा हात आपोआप उचलला गेला होता. अंगठा बाहेर, तळवा उताणा. तो तसाच हवेत असताना तिला दिसला.

तिने तो मागे घेतला, मांडीखाली दाबून धरला आणि तेर येईपर्यंत काढला नाही.