दिवसा दार लावायचं नाही

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुम्ही एक अवघड गणित सोडवायला बसला आहात. अर्धं सुटलंय, हातचा डोक्यात धरून ठेवलाय, आणि कोणीतरी येऊन विचारतं, कात्री कुठे आहे? तुम्ही सांगता. परत वहीकडे बघता तर हातचा पळालेला. पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात दुसरं कोणी येतं, त्याला दोरा हवा असतो. कोणी रागावत नाही, कोणी मारत नाही. फक्त येतात आणि विचारतात. आज, उद्या, रोज. आता डोळे उघडा. ही अशाच एका आईची गोष्ट आहे.

ती एका मोठ्या इस्पितळात काम करायची. तिथे काही डॉक्टर असे असतात, जे डॉक्टर तर झालेले असतात, पण एखाद्या विषयात तरबेज होण्यासाठी आणखी काही वर्षं तिथेच राहून काम करतात आणि शिकतात. त्यांना निवासी डॉक्टर म्हणतात. कोणाची पाळी कधी, कोणाची परीक्षा केव्हा, कोणाला कुठल्या विभागात पाठवायचं, कोण घरच्या आठवणीने मलूल झालाय, हे सगळं बघणारं एक माणूस लागतं. त्याला समन्वयक म्हणतात. आई ते काम करायची. पण एवढं जड नाव कोणाच्या तोंडात बसेना, म्हणून सगळे तिला ताईच म्हणत.

आठवड्यातून एकदा या डॉक्टरांचा शिकण्याचा तास असे. पूर्वी त्या तासाला अर्थ नव्हता. शिकवणारे शिकवत असत आणि फोन वाजत असत. एकेक डॉक्टर उठून जाई. मग ताईने एक युक्ती काढली. बाजारातून भाजीची निळी टोपली आणली आणि वर्गाच्या दारात उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रत्येकाने आपला फोन टोपलीत टाकायचा. सगळे आत गेले की ती दार ओढून घेई आणि बाहेर स्टुलावर बसे. फोन वाजला की उचलून एकच प्रश्न विचारी, "पेशंट अत्यवस्थ आहे का?" असेल तर पाळीवरच्या डॉक्टरांना पळवी. नसेल तर म्हणे, "मग तासाभराने."

एकदा एक बडे सर्जन स्वतःच तिथे आले. त्यांना आतल्या एका मुलीकडून कसलीशी सही हवी होती. ताईने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, तुम्ही ताई कसल्या, तुम्ही तर कोतवाल. पण गेले बापडे परत. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती म्हणून ताईची मुलगी स्टुलाशेजारी खाली बसून चित्र काढत होती. गोल चेहऱ्याच्या या मुलीला घरात गुंडी म्हणत. सर्जन वळले तेव्हा तिने मान वर करून आईकडे बघितलं. आपली आई एवढी उंच आहे हे तिला पहिल्यांदाच दिसलं.

घरी मात्र हीच आई बुटकी होऊन जाई.

त्या घरात एक पद्धत होती. सुनेने दिवसा खोलीचं दार लावायचं नाही. कोणी घातली, कधी घातली, कोणाला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांची वामकुक्षी बंद दाराआड होई, नवऱ्याची कार्यालयाची बोलणीही. पण सुनेने दार लावलं की लगेच प्रश्न येई, झाकण्यासारखं आहे तरी काय? लग्न होऊन आल्यापासून तिच्या खोलीचं दार भिंतीला टेकलेलं होतं. त्याला टेकून हळूहळू घडीची खाट आली, मोडका पंखा आला, रद्दीचे गठ्ठे आले. ते दार आहे हेसुद्धा सगळे विसरून गेले.

पिंजरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंद दार येतं. पण उघड्या दाराचाही पिंजरा असतो, आणि तो दिसत नाही म्हणून त्याच्याविरुद्ध कोणी ओरडत नाही. ज्या खोलीत कोणीही कधीही शिरू शकतं, त्या खोलीतल्या बाईचा तास तिचा नसतो. तिचं डोकंही मग तिचं राहत नाही.

त्या वर्षी इस्पितळाने नियम काढला. समन्वयकांनी रीतसर प्रशिक्षण पूर्ण करायचं. जो करणार नाही, त्याच्या जागी नवीन प्रशिक्षित माणूस येईल आणि जुन्याने मागच्या दालनात जाऊन जुन्या फायली लावत बसायचं. विभागप्रमुख ताईला म्हणाले, तुम्हाला काय गरज हो, तुम्ही तर घरच्याच. पण नियमातून सोडवायची वेळ आली तेव्हा त्यांनीही हात वर केले.

प्रशिक्षणाचे वर्ग सुट्टीच्या दिवशी दुपारी, संगणकावरून होत. ताई आपल्या खोलीत बसून शिकू लागली. तिला ते मनापासून आवडलं. दमलेल्या डॉक्टरचा दमलेपणा आधी कसा ओळखावा, दोघांचं भांडण कसं ऐकून घ्यावं, शिकणाऱ्याला न दुखावता त्याची चूक कशी सांगावी. इतकी वर्षं ती जे अंदाजाने करत होती, त्यामागेही विचार आहे, शास्त्र आहे, हे कळून ती हरखून गेली.

पण दार उघडं होतं. पहिल्या वर्गात सासरे चष्मा शोधत आले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. दुसऱ्या वेळी सासूबाईंना आमटीत मीठ पडलंय की नाही ते आठवेना. पुढच्या खेपेला शेजारीण येऊन बसली, आणि सुनेने उठून बाहेर येणं भागच होतं. वर्ग शिकवणाऱ्या बाईंनी निरोप पाठवला की आता पुन्हा मधून उठलात तर तुमचं नाव प्रशिक्षण पूर्ण झालेल्यांत पाठवता येणार नाही. शेवटच्या वर्गात प्रत्येकाने आपल्या कामातली एक गोष्ट इतरांना समजावून सांगायची होती. ताईने टोपलीची गोष्ट निवडली.

आदल्या दिवशी तिने नवऱ्याजवळ विषय काढला. म्हणाली, "अहो, उद्या एवढा एक तास दार लावू का?"

नवरा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "दार लावलंस की आईला उगाच लागेल. मी आहे ना. मी दाराशी बसतो, माशीसुद्धा आत येणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो खरंच खुर्ची टाकून दाराशी बसला. थोड्या वेळाने त्याला टीव्हीवरचा सामना आठवला आणि खुर्ची रिकामी झाली. आत ताईने बोलायला सुरुवात केली होती. निळी टोपली, दार, स्टूल. पडद्यावरचे चेहरे लक्ष देऊन ऐकत होते. इतक्यात खोलीत पहिली माशी शिरली ती स्वतः नवराच. "अगं, चार्जर कुठे ठेवलास?" मग त्याच्यामागून सासूबाई आल्या, हातात रिकामं भांडं, गाळणी सापडत नाही म्हणून. दोघं बोलत होते आणि ते पलीकडे सगळ्यांना ऐकू जात होतं. ताईच्या बोलण्यातलं पुढचं वाक्य निसटलं. ती थांबली.

शिकवणाऱ्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "ताई, तुम्ही दाराबाहेर बसता म्हणून त्या मुलांचं शिकणं होतं. आज तुमच्या दाराबाहेर कोण बसलंय?"

ताईने मान वळवून दाराशी रिकाम्या पडलेल्या खुर्चीकडे बघितलं. बाई म्हणाल्या, तुमची पाळी सगळ्यात शेवटी घेते. तेवढ्यात काय ते बघा. मात्र त्यानंतर मलाही थांबता येणार नाही.

ताई उठली. तिने भिंतीला टेकलेल्या दाराला हात घातला आणि ओढलं. दार हललं नाही. खाटेचा पाय अडकला होता. तिने पुन्हा ओढलं. सासूबाईंनी विचारलं, हे काय चाललंय?

"आई, मला दार लावायचंय."

"भर दुपारी? कशाला?"

"शिकायला."

नवरा म्हणाला, अगं, राहू दे ना, मी टीव्हीचा आवाज कमी करतो. पण सासूबाई त्याचं ऐकत नव्हत्या. त्या दाराकडेच बघत म्हणाल्या, "मला तरी कुठे दार होतं? मी याच खोलीत बसून माझ्या आईला पत्रं लिहायचे. कोणी ना कोणी मागे उभं असायचंच. मी मजेत आहे, एवढंच लिहून व्हायचं दर वेळी." मग त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला. "मी चालवून घेतलं. तुलाच काय जड जातंय?"

ताईचा हात दारावरच राहिला. पुढे दार, मध्ये खाट, आणि उंबऱ्यावर तिची माणसं. त्यांच्यातल्या कोणाचाही तिला राग येत नव्हता, आणि तिथेच ती पुरती अडकली होती. पडद्यावर शेवटून दुसरी बाई बोलायला लागली. ताईचा हात हळूहळू खाली आला.

गुंडी इतका वेळ स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. ती आत वळली. कांद्याची टोपली तिने ओट्यावर पालथी केली, तसे कांदे गडगडत खाली गेले. टोपली घेऊन ती आईच्या खोलीत आली, खाटेचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि मागे मागे सरत खाट बाहेर ओढली. मग पंखा. मग रद्दी. धूळ उडाली, तिला दोन शिंका आल्या. मग टोपली उचलून ती बाबांपुढे उभी राहिली.

"फोन."

बाबांनी आजीकडे बघितलं. आजीची नजर दारावरच होती. बाबांनी फोन टोपलीत टाकला. टेबलावरचा आईचा फोनही गुंडीने त्यात ठेवला. आई अजून तशीच उभी होती. गुंडीने तिला पाठीला हात लावून खुर्चीपर्यंत नेलं, बाबांना आणि आजीला उंबऱ्याबाहेर घेतलं, आणि दार ओढलं. ते कुरकुरलं, मध्येच अडलं. तिने सगळं अंग मागे टाकून ओढलं तेव्हा कुठे लागलं.

मग तिने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं आणि दाराला पाठ टेकून त्यावर बसली. टोपली मांडीवर. पाय जमिनीला पोचत नव्हते.

आतून आईचा आवाज येऊ लागला. आधी बारीक, मग स्पष्ट.

आजी स्वयंपाकघरात एक फेरी मारून परतली. मग रिकामं भांडं घेऊन दाराजवळ आली आणि म्हणाली, "अगं गुंडे, तिला एवढंच विचारते, गाळणी कुठे आहे."

गुंडीने मान वर करून विचारलं, "आजी, कोणी अत्यवस्थ आहे का?"

आजी म्हणाली, "नाही गं."

"मग तासाभराने," गुंडी म्हणाली, आणि स्टुलावर सरकून तिने आजीपुरती जागा केली.