कादंबरीच्या तीन आया

वारज्याच्या बालगृहात राहणाऱ्या कादंबरीला सोळावं लागलं होतं, आणि ‘पहिल्यापासून सांग’ एवढे दोन शब्द कानावर पडले की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

दवाखान्यातले डॉक्टर आमोद म्हणायचे, पहिल्यापासून सांग. शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणायच्या, पहिल्यापासून सांग. एका स्वयंसेवी संस्थेकडून एखादी ताई यायची, जीव लावायची, आणि प्रकल्प संपला की केक कापून निघून जायची. मग नवी ताई. आता नम्रताताई, आणि पुन्हा तेच पुराण: आई कशी गेली ते सांग, रडू आलं तर रड. एकदा सांगितलं की पुढे आठवडाभर डोळ्याला डोळा लागायचा नाही, आणि तेव्हा यांच्यातलं कुणी जवळ नसायचं. माणसाचं दुखणं म्हणजे काय देवळातली घंटा आहे, येईल त्यानं वाजवून जायला?

म्हणून पोरीनं यांची परीक्षाच घ्यायचं ठरवलं. डॉक्टरांना सांगितलं, आई जळून गेली. शाळेत सांगितलं, आई नदीत बुडाली. नम्रताताईला सांगितलं, आई जिवंत आहे, आम्हाला टाकून पळाली. तिघांनीही माना डोलावल्या. एकानं दुसऱ्याला साधा फोन केला असता तरी बिंग फुटलं असतं. पण करतो कोण? गोपनीयता ना! कादंबरी आपली वाट बघत राहिली.

शेवटी हे तिघं भेटले कुठे, तर एका हॉटेलात, समन्वयावरच्या कार्यशाळेत, जेवणाच्या रांगेत. तिथे गप्पांच्या ओघात कादंबरीच्या तीन आया एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या.

दुसऱ्याच दिवशी अधीक्षिका मंदाकिनीबाईंनी तिला ऑफिसात बोलावलं. तिघंही चहा घेत बसले होते. बाईंच्या मते पोरगी पक्की लबाड होती. एवढ्या मोठ्या माणसांचा वेळ फुकट घालवला, तेव्हा समुपदेशन बंदच करू या. डॉक्टर चष्मा पुसत राहिले. कितीही चिडली तरी कादंबरीला बोलायचं होतं, बोलल्याशिवाय तिचं भागणार नव्हतं.

नम्रताताईनं हळूच विचारलं, यातलं खरं कुठलं.

“एकही नाही,” कादंबरी म्हणाली. “खरं आधीच्या सगळ्या तायांना सांगून झालंय. आता एकदाच सांगणार. तुमच्यातलं कोण थांबणार, ते आधी ठरवा.”

नम्रताताईनं मान खाली घातली. तिचा प्रकल्प मार्चअखेर संपत होता.