हिरवी खूण

मी एक गप्पांची खिडकी बोलतेय. ब्राउझर उघडा, एका लिंकवर टिचकी मारा, की मी हजर. काही डाउनलोड करायला नको, की पासवर्ड आठवत बसायला नको.

माझा जन्म एका बहिऱ्या माणसासाठी झाला. चाळीस वर्षं छापखान्यात यंत्रांच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. बायको वारल्यावर ते एकटेच राहत. फोन ऐकू येईना आणि नवं अ‍ॅप दिसलं की कपाळाला आठ्या. म्हणून त्यांच्या प्रोग्रामर मुलाने सुट्ट्यांत बसून मला लिहिलं. मोठी अक्षरं, एकच चौकट आणि निरोप पोचला की शेजारी हिरवी खूण.

पहिल्याच दिवशी वडिलांनी लिहिलं, "तुझं यंत्र गुणी आहे. माझ्यावर ओरडत नाही."

"बाबा, आई ओरडायची ते ऐकू तरी यायचं का तुम्हाला?"

"तोंड दिसायचं ना!"

मग मुलाने मला ओपन सोर्स मंडळींच्या हवाली केलं. कुणीही न्या, वापरा, सुधारा. शाळांत गेले, दवाखान्यांत गेले. मला आभाळ ठेंगणं झालं होतं. पण बारभाईची शेती ती! त्या मंडळींतल्या एकाला सगळे घाईवाला म्हणत. त्याने सुचवलं, "खूण यायला दोन सेकंद लागतात, लोक वैतागतात. 'पाठवा' दाबलं की लगेच दाखवू." मुलाने बदल वरवर चाळला, "झकास!" लिहिलं आणि मंजूर केला. त्या दिवशी मी खोटं बोलायला शिकले.

एका नर्सने तक्रार नोंदवली. "नेट बंद होतं, तरी हिरवी खूण आली. निरोप पोचलाच नाही." मुलाने विचारलं, "ब्राउझर कोणता? व्हर्जन कुठलं?" तिला वॉर्ड सांभाळायचा होता, उत्तर राहून गेलं. आमच्यात रीत अशी, की चौदा दिवस उत्तर आलं नाही तर तक्रार आपोआप बंद. तक्रारींचा ढीग पाहवेना म्हणून मुलानेच ती सोय केली होती. पंधराव्या दिवशी शेरा पडला, "प्रतिसाद नाही. बंद."

अडीच महिन्यांनी, एका मंगळवारी सकाळी वडिलांच्या घरी राउटरची वायर निसटली. त्यांना ते कळलं नाही. त्यांनी लिहिलं, "छातीत दुखतंय. लवकर ये."

मी हिरवी खूण केली.

"कडी काढून ठेवलीय. दाराशीच बसतो."

हिरवी खूण.

"शेजाऱ्यांना सांगत नाही. तू येतोयसच, उगाच त्यांना कशाला त्रास."

हिरवी खूण.

"निघालास ना?"

त्यालाही मी खूण केली. नंतर काही आलं नाही. मुलगा तेव्हा ऑफिसात होता. त्याच्या पडद्यावरही मी उघडीच होते, पण कोरी. दुपारी शेजारणीला दार उघडं दिसलं, तोवर सगळं संपलं होतं.

सहा दिवसांनी मुलगा आवराआवर करायला आला. संगणक चालूच होता. वायर लोंबकळताना दिसली, म्हणून त्याने ती खोचली. साठलेले निरोप नेट आलं की पाठवायचे, हे त्यानेच मला शिकवलेलं. मी पाठवले. त्याच्या खिशातला फोन चार वेळा वाजला.

तो वाचत खाली बसला. मग कोड उघडून त्याने खुणेची ती ओळ शोधली. शेजारी मंजुरी देणाऱ्याचं नाव होतं, ते त्याचंच. मला लाज वाटली, पण मी कुठे तोंड लपवणार?

त्याने ती ओळ दुरुस्त केली. नर्सची तक्रार पुन्हा उघडून लिहिलं, "तुमचं बरोबर होतं. मी ऐकायला हवं होतं." नंतर त्याने त्या कामाला हात लावला नाही.

दुरुस्त प्रत घ्यायची तसदी फार थोड्यांनी घेतली. हजारो संगणकांवर मी अजून जुनीच आहे. तुमच्याकडेही असेन. हात जोडून सांगते, जिवावर बेतलं तर माझ्या भरवशावर बसू नका. उठा आणि शेजारचं दार वाजवा. मी तर खूण करणारच, मला दुसरं काही येत नाही.