मी चोवीस सांगत राहिलो

मी एक जुना घोडा आहे, मित्रांनो. अहो, पळू नका! मी लाथ मारत नाही आणि मला दाणापाणीही लागत नाही. टेनिसच्या रॅकेटमध्ये तारांची जाळी असते ना, ती ताणून बसवायला एक लोखंडी यंत्र लागतं. त्या कामाला गटिंग म्हणतात. रॅकेट माझ्या पाठीवर आडवी आवळून बसवायची, म्हणून आमच्या क्लबात सगळे मला घोडा म्हणायचे. माझं खरं नाव पोटाखालच्या पत्र्यावर कोरलेलं होतं. ते गंजून गेलं आणि कोणी कधी विचारलंही नाही.

एका ओतशाळेत माझा जन्म झाला. मला हिरवा रंग दिला, डोक्यात एक जाडजूड स्प्रिंग बसवली आणि वर आकड्यांची तबकडी लावली. तबकडीवर आकडा लावायचा आणि हँडल फिरवायचं. तार तेवढ्या किलोने ताणली गेली की मी 'कट्' असा आवाज करून थांबायचो. झालं! एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण दिवसभर उभं राहून करून बघा म्हणजे कळेल.

मला ज्यांनी आणलं ते क्लबातले गटिंगमास्तर. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांची खोली होती. तिचं छत तिरपं होतं, त्यामुळे एका बाजूला मास्तरांना वाकूनच चालावं लागायचं. खिडकी जमिनीलगत होती. तिच्यातून खेळाडूंचे फक्त पाय दिसायचे. मास्तर मोठे शिस्तीचे. दर वर्षी एकदा ते माझ्या तार धरायच्या चिमट्यात ताणकाटा, म्हणजे ताण मोजायचा काटा, अडकवायचे आणि माझा आकडा काट्याच्या आकड्याशी ताडून बघायचे. फरक पडला तर स्प्रिंगचा पेच आवळायचे. मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "चोवीस म्हणजे चोवीस! आमचा घोडा खोटं बोलत नाही." हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मास्तरांना एक मुलगी होती. एका जागी बसेल तर शपथ! म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. शाळेतून आली की दप्तर माझ्या पायाशी टाकायची आणि बाहेरच्या भिंतीवर चेंडू मारत सुटायची. तिच्या आईने हाका मारून घसा बसवला तरी बाई काही जेवायला येत नसत. मास्तरांनी एका मोडक्या मोठ्या रॅकेटचा दांडा कापून तिला तिची पहिली रॅकेट करून दिली. ती माझ्याच पाठीवर विणली. उभ्या सोळा तारा आणि आडव्या एकोणीस. भिंगरी शेजारी डब्यावर बसून मोजायची आणि मुद्दाम चुकायची, कारण चुकलं की मास्तर पुन्हा पहिल्यापासून मोजून दाखवायचे.

तिच्या रॅकेटला ताण ठरलेला होता. चोवीस किलो. मास्तरांनीच ठरवला होता.

ती आठ वर्षांची असताना क्लबातल्या माळीबुवांनी ताणकाटा मागून नेला. खताच्या गोण्या तोलायच्या होत्या म्हणे. काटा गेला तो गेलाच. मास्तर दोनदा मागायला गेले, मग विसरले. "घोड्याला काय होतंय," ते म्हणाले. आणि माझी तपासणी थांबली.

मित्रांनो, लोखंडालाही वय असतं. माझी स्प्रिंग हळूहळू दमत चालली होती. तबकडी चोवीस दाखवायची, मीही अगदी ठसक्यात 'कट्' करायचो, पण तार ओढली जायची तेवीसने. मग साडेबावीसने. भिंगरी चौदा वर्षांची झाली तेव्हा माझं चोवीस हे खरं तर एकवीस होतं. मला ते कळत होतं. आत काय बिघडलंय ते आपल्यालाच आधी कळतं ना? पण मी सांगणार कसा? मास्तर हँडल फिरवायचे, मी 'कट्' म्हणायचो आणि ते समाधानाने मान डोलवायचे. मला तेव्हा फार लाज वाटायची.

गंमत म्हणजे त्या एकवीसवर पोरगी भन्नाट खेळायची! थोड्या सैल तारांवर चेंडू क्षणभर जास्त टेकतो आणि लांब उडतो. तिचा हात, तिचं मनगट, सगळं त्या ताणावरच वाढलं. मुलींच्या सगळ्या स्पर्धा तिने जिंकल्या. एकदा वर्तमानपत्राचा फोटोवाला आमच्या खोलीत आला. त्याचं डोकं तिरप्या छतावर असं आपटलं की पहिला फोटो हललेलाच आला. दुसऱ्या फोटोत मध्ये मी होतो, एका बाजूला मास्तर आणि दुसऱ्या बाजूला भिंगरी. मास्तरांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

सतराव्या वर्षी ती आईबरोबर परदेशी खेळायला जाऊ लागली. नोकरीमुळे मास्तर मागेच राहिले. जाताना ती सहा रॅकेटी माझ्याकडून तयार करून न्यायची. आणि तिथे एक विचित्र गोष्ट घडू लागली. पहिले दोन सामने ती थाटात जिंकायची आणि तिसऱ्यात हरायची. चेंडू जाळ्यात जायचा, खांदा दुखायला लागायचा. असं दोन वर्षं चाललं.

तुम्ही ओळखलंच असेल. सामन्यात तारा तुटायच्या. घरून नेलेल्या रॅकेटी दोन सामन्यांत संपल्या की ती तिथल्या गटिंगवाल्यांकडे जायची आणि सांगायची, "चोवीस." त्यांची यंत्रं नवी आणि चोख. ती खरोखर चोवीसने ओढायची. तिच्या हाताला ती रॅकेट म्हणजे लाकडाची फळी वाटायची.

मास्तरांनी मात्र आपला निष्कर्ष काढून ठेवला होता. तिसरा सामना आला की पोरगी कच खाते.

एका दुपारी ती हरून परत आली आणि बॅग खांद्यावरून न उतरवताच खोलीत शिरली. "बाबा, तिथल्या तारा वेगळ्या लागतात," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या नाही लागत."

"इथे चोवीस, तिथे चोवीस," मास्तर म्हणाले. "तारेत फरक नाही, बाळा. फरक तुझ्यात पडतो. तू घाबरतेस."

"मी घाबरत नाही! एकदा तुमचा घोडा तरी तपासून बघा."

मास्तरांचा पारा चढला. इतकी वर्षं ज्या कामावर ते ताठ मानेने जगले, त्या कामावर पोटच्या पोरीने बोट ठेवलं होतं. ते म्हणाले, "घोडा खोटं बोलत नाही. हरलं की कारणं सांगायची सवय लागलीय तुला. जिगर लागते जिंकायला, आणि तुझ्यात ती नाही."

भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. मी ओरडू पाहत होतो. मास्तर, ती बरोबर बोलतेय! माझ्या डोक्यातली स्प्रिंग गेलीय, मला उघडा! पण लोखंड कुठे ओरडतं? ती वळली आणि निघून गेली. तिच्या रॅकेटी त्यानंतर कधी माझ्या पाठीवर आल्या नाहीत.

आणि मग ती जिंकू लागली. चार मोठे करंडक! जगाच्या क्रमवारीत सलग चाळीस आठवडे पहिली! खोलीत एका फळीवर मास्तरांनी छोटा टीव्ही आणून ठेवला होता. सामना असला की ते दार आतून लावून घ्यायचे. ती जिंकली की उठून उभे राहायचे, टाळी वाजवायला हात उचलायचे आणि इकडे तिकडे बघून खाली करायचे. तिथे होतं कोण बघायला? मीच की. फोन करावा म्हणून ते रिसीव्हर उचलायचे आणि परत ठेवायचे. "तिला वेळ असेल तर ती करेल," असं मलाच सांगायचे. आईचे गुडघे धरले आणि त्या घरी राहू लागल्या, तेव्हापासून ती आईला फोन करायची. वडिलांची खुशाली विचारायची, पण त्यांना फोन दे असं म्हणायची नाही.

एकदा एका मुलाखतीत तिला विचारलं, "रॅकेटला ताण किती ठेवता?" ती म्हणाली, "चोवीस. लहानपणापासून तोच. माझ्या बाबांनी ठरवून दिलाय."

मास्तर खुर्चीतून उसळले. "ऐकलंस? चोवीस! म्हणजे तारा बरोबरच होत्या. जिगरच नव्हती तेव्हा, ती आता आली." त्यांनी माझी पाठ थोपटली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण टीव्हीवर तिच्या रॅकेटचा आवाज मी ऐकला होता. चोवीसची तार कोरडी वाजते. हिची खोल, भरीव वाजत होती. ते एकवीस होतं. आयुष्यभर तारा ओढल्यात मी, मला कळणार नाही?

दुसऱ्या एका कार्यक्रमात तिची हॉटेलातली खोली दाखवली. आई घरी असल्यामुळे ती आता एकटीच फिरायची. खोलीत दोन पलंग होते. एकावर ती झोपायची आणि दुसऱ्यावर तिने सगळ्या रॅकेटी ओळीने निजवून वर चादर घातली होती. "पलंग रिकामा दिसला की झोप येत नाही," ती हसत म्हणाली. जेवणाचं ताट ती खिडकीच्या कठड्यावर ठेवून उभ्यानेच जेवायची. मास्तरांनी टीव्ही बंद केला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तोवर कार्यक्रम संपला होता. त्या दिवशी त्यांच्या हातून एका रॅकेटच्या तारा दोनदा चुकल्या.

अशी तेरा वर्षं गेली. खांद्याने दगा दिला आणि तिने खेळणं सोडलं. क्लबानेही माझ्या जागी विजेवर चालणारं नवीन यंत्र मागवलं. ते बसवायला एक मेकॅनिक बाई आल्या. काम संपल्यावर त्यांना माझं कौतुक वाटलं. "काका, हा म्हातारा अजून ओढतो?" असं म्हणून त्यांनी सहज आपला ताणकाटा माझ्या चिमट्यात अडकवला. मास्तरांनी रुबाबात चोवीस लावलं आणि हँडल फिरवलं. मी 'कट्' म्हणालो.

काट्यावर आकडा होता साडेअठरा.

"हा तर कधीचाच उतरलाय, काका," बाई म्हणाल्या. "स्प्रिंग एका वर्षात नाही एवढी उतरत. वीसेक वर्षं तरी कमीच ओढत असणार."

मास्तरांनी पुन्हा करून बघितलं. मग आणखी एकदा. मग ते भिंगरीच्या डब्यावर मटकन बसले. बाई घाबरल्या आणि पाणी आणायला धावल्या.

मला भंगारात देणार होते, पण मास्तर मला घरी घेऊन आले. मागच्या खोलीत मला ठेवलं आणि दोन दिवस माझ्यासमोर बसून राहिले. ना धड जेवण, ना बोलणं. शेवटी आईंनी भिंगरीला फोन केला. "घोड्यात काहीतरी निघालंय. तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. तू ये बाई."

ती आली. केसांत एक-दोन पांढरे दिसत होते. ती दारात उभी राहिली आणि मास्तर धडपडत उठले. कितीतरी वर्षांनी दोघं एका खोलीत होती.

"मी चुकलो," मास्तर म्हणाले. "घोडा कमी ओढत होता. तू घाबरत नव्हतीस, बाळा. तू सांगितलंस आणि मी तुलाच नाही नाही ते बोललो."

"मला माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"इथून गेले त्याच वर्षी. तिथल्या एका गटिंगवालीने तुम्ही विणलेल्या जुन्या रॅकेटचा ताण मोजला. एकवीस भरला. तेव्हापासून मी एकवीसच ठेवत आले."

मास्तरांनी विचारलं, "मग टीव्हीवर चोवीस का सांगायचीस?"

"तुम्ही बघत असाल ना," ती म्हणाली. "सगळ्या जगासमोर तुमचा घोडा खोटा कसा पाडू?"

मास्तर ढसाढसा रडले. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी रडताना पाहिलं नव्हतं. "अगं वेडे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मला एकट्याला तरी सांगायचंस. मी ते चोवीस ऐकायचो आणि वाटायचं, मीच बरोबर होतो. म्हणून फोन नाही केला गं. तेरा वर्षं नाही केला." तीही रडत होती. "मी रोज वाट बघायचे," ती म्हणाली. मग तिने त्यांना हाताला धरून बसवलं आणि स्वतः त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

तीन दिवसांनी ती गेली. आता दर रविवारी फोन येतो. मास्तर फोनवर फार बोलत नाहीत, पण ठेवतही नाहीत. तेरा वर्षं मात्र कुठून परत आणायची, ते दोघांनाही माहीत नाही. मी मागच्या खोलीत चादरीखाली उभा असतो. रॅकेट येत नाही, कोणी हँडल फिरवत नाही. फार एकटं वाटतं. विचार करायला वेळच वेळ असतो.

म्हणून मित्रांनो, एवढं माझं ऐका. तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना गृहीत धरू नका, वरचेवर तपासत चला. आणि माणसांनाही विचारत जा. मी चुकतोय हे मला ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो. त्या दोघांना तर होतं ना?